मांजराच्या डोळ्यात ड्रॉप कसा घालायचा? (आणि कोणता अजिबात घालायचा नाही)

ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना येणारे "अं...", "म्हणजे कसंय" वगैरे काढलेत. बाकी सगळं जसंच्या तसं.

तर आजचा विषय आहे मांजराच्या डोळ्यात औषध घालणं. ऐकायला दोन मिनिटांचं काम वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पहिल्या दिवशी मला चाळीस मिनिटं लागली, हातावर तीन ओरखडे आले, आणि औषध बोक्याचा डोळा सोडून सगळीकडे पडलं. त्याचं कान, माझा टीशर्ट, रूममेटचा लॅपटॉप. सगळीकडे!

आधी झालं काय?

आमचा बंड्या. नारिंगी बोका, वय चार वर्षं, स्वभाव आपल्या नावाला शोभेल असा. एका रात्री सोसायटीतल्या दुसऱ्या बोक्याशी त्याची जुंपली. सकाळी बघतो तर डावा डोळा अर्धा मिटलेला आणि पाणी गळतंय. आईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, गुलाबपाणी घाल, थंड वाटेल." मी म्हटलं, आपल्याकडे त्याहून भारी वस्तू आहे. २०२३ च्या पावसाळ्यात पुण्यात डोळ्यांची साथ आली होती, आठवतंय? तेव्हा माझेही डोळे आले होते. त्या वेळची ड्रॉप्सची बाटली अजून ड्रॉवरमध्ये होती. अर्धी भरलेली. डोळा तो डोळा, माणसाचा काय नि मांजराचा काय!

मी बाटली घेऊन समोरून गेलो. बंड्याने एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि थेट पलंगाखाली. अर्धा तास प्रयत्न केला. एक थेंबही आत गेला नाही. शेवटी कंटाळून व्हेटकडे घेऊन गेलो. बाटली खिशातच होती.

डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "घरी काही घातलंय का डोळ्यात?" मी बाटली दाखवली आणि म्हटलं, "घालणार होतो मॅडम, पण त्याने घालू दिलं नाही." त्यांनी लेबल वाचलं आणि म्हणाल्या, "बरं झालं नाही घालू दिलं."

मग त्यांनी डोळ्यात एक केशरी रंग सोडला, खोलीतला दिवा बंद केला आणि निळा लाइट मारला. बंड्याच्या डोळ्यावर एक हिरवी रेघ चमकली. नखाचा ओरखडा. डोळ्यापुढे जी पारदर्शक काच असते, म्हणजे कॉर्निया, तिचा वरचा थर निघाला होता. या रंगाचं नाव फ्लुरोसीन. जिथे थर शाबूत असतो तिथे तो टिकत नाही, जिथे जखम असते तिथे चिकटतो. साध्या डोळ्यांनी आपल्याला ही जखम बरेचदा दिसतसुद्धा नाही.

ड्रॉवरमधल्या बाटलीत प्रॉब्लेम काय?

माझ्या बाटलीत दोन औषधं होती. एक अँटिबायोटिक, दुसरं स्टेरॉइड. माणसांच्या डोळ्यांसाठी अशी कॉम्बिनेशन्स सर्रास मिळतात. स्टेरॉइड लाली आणि सूज पटकन उतरवतं, म्हणून आपल्याला ते जादूचं वाटतं. पण कॉर्नियावर जखम असेल तर हेच औषध जखम भरू देत नाही. वरून जंतूंचं फावतं. जखम खोल जात जात कॉर्नियाला भोक पडू शकतं आणि डोळा जाऊ शकतो. आणि गंमत बघा, सुरुवातीला लाली कमी झालेली दिसते, त्यामुळे आपण खुशीत असतो!

म्हणून लेबल वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन. शेवटी "सोन" किंवा "लोन" दिसलं की बाटली खाली ठेवा. पण ही नावं नाहीत म्हणून बाटली सेफ, असंही समजू नका. डोळ्याला काय झालंय हे कळल्याशिवाय कुठलंच उरलेलं औषध घालायचं नाही. माणसाचं नाही, दुसऱ्या मांजराचंही नाही. दोन्ही डोळ्यांतून पाणी आणि सोबत शिंका असतील तर बहुतेकदा तो मांजरांमधला हर्पीस व्हायरस किंवा दुसरा संसर्ग असतो. त्याची औषधं वेगळी. आणि गुलाबपाणी, बोरिक पावडर, चहाचं पाणी हेही नको. आईला तेवढं प्रेमाने समजावून सांगा.

थोडक्यात, कोणतं औषध हे ठरवायचं काम डॉक्टरांचं. ते डोळ्यात पोचवायचं काम आपलं. आता आपल्या कामाकडे येऊ.

तयारी

मी समोरून जात होतो, ही माझी सगळ्यात मोठी चूक. मांजराला समोरून येणारी टोकदार वस्तू म्हणजे हल्ला वाटतो. डॉक्टरांनी मला क्लिनिकमध्येच मागून घालायला शिकवलं. तुम्हीही लाजू नका, "एकदा करून दाखवा ना" असं सरळ म्हणा.

सगळं सामान आधी काढून ठेवा: औषध, कापूस, उकळून गार केलेलं पाणी, टॉवेल आणि खाऊ. मांजर हातात आल्यावर बाटलीचं झाकण शोधत बसलात तर संपलं. बाटली फ्रिजमधली असेल तर दोन मिनिटं मुठीत धरा, थंडगार थेंबाने कोणीही दचकेल. लेबलवर हलवायला सांगितलं असेल तर हलवा. हात धुवा, आधी आणि नंतरही. डोळ्याला चिपडं असतील तर ओल्या कापसाने हलक्या हाताने पुसा, नाकाकडून बाहेरच्या बाजूला. प्रत्येक वेळी नवीन कापूस.

मांजर मारकं असेल तर टॉवेलमध्ये फ्रँकीसारखं गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. घट्ट हवं, पण श्वास घेता आला पाहिजे.

प्रत्यक्ष ड्रॉप घालताना

१. जमिनीवर गुडघ्यांवर बसा. मांजर दोन्ही मांड्यांच्या मध्ये, त्याची पाठ तुमच्या पोटाकडे. दोघांची तोंडं एकाच दिशेला. आता त्याला मागे सरकायला जागा नाही आणि बाटलीही दिसत नाही.

२. डावा हात हनुवटीखाली घालून तोंड थोडं वर करा. त्याच हाताच्या अंगठ्याने खालची पापणी हलकेच खाली ओढा.

३. उजव्या हातात बाटली धरा आणि तो हात मांजराच्या डोक्यावर टेकवा. हे महत्त्वाचं आहे. डोकं हललं तरी हातही सोबत हलतो आणि बाटलीचं टोक डोळ्यात जात नाही.

४. डोळ्यापासून साधारण एक-दोन सेंटीमीटर वरून एक थेंब सोडा. टोक डोळ्याला किंवा केसांना लावायचं नाही, नाहीतर जंतू बाटलीत जातात.

५. सोडून द्या, डोळा मिचकावू द्या, आणि लगेच खाऊ. रोज, प्रत्येक वेळी. थेंब नीट पडला असो वा नसो.

एकच थेंब का? कारण डोळ्यात एका थेंबापेक्षा जास्त मावतच नाही. दुसरा सरळ गालावर येतो. पहिला थेंब नक्की बाहेर पडला असेल तरच परत घाला.

दोन वेगवेगळे ड्रॉप्स असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी, कारण मलमाच्या थरावरून ड्रॉप आत जात नाही. मलम तांदळाच्या दाण्याएवढं, खालच्या पापणीच्या आत. मग पापण्या क्षणभर मिटवून धरा, उबेने ते आपोआप पसरतं.

घाबरू नका, पण लक्ष ठेवा

दुसऱ्या दिवशी ड्रॉप घातल्यावर बंड्याच्या तोंडातून फेस यायला लागला. मी घाबरून फोन केला. कळलं की डोळ्यातून नाकात आणि पुढे घशात जाणारी एक बारीक नळी असते. त्याच वाटेने औषध जिभेवर येतं. ॲट्रोपिनसारखा ड्रॉप फार कडू असतो, म्हणून मांजर लाळ गाळतं. थोड्या वेळात थांबतं. याच ड्रॉपमुळे बाहुली मोठी होते आणि उजेड सहन होत नाही, म्हणून आम्ही खोलीचे पडदे ओढून ठेवले.

गळ्यातला कोन काढू नका. तो केविलवाणा दिसतो, मान्य आहे. पण पंज्याने एकदा खाजवलं की आठवड्याची मेहनत पाण्यात.

दिवसातून चार वेळा औषध म्हणजे दोघा रूममेट्समध्ये गोंधळ ठरलेला. आम्ही फ्रिजवर कागद लावला. घातलं की टिक. एखादा डोस राहिला तर आठवेल तेव्हा घाला, पण पुढच्या वेळी डबल नाही. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. बहुतेक ड्रॉप्स उघडल्यावर महिनाभरच वापरायचे असतात. माझी २०२३ ची बाटली त्या हिशोबानेही कधीच बाद झाली होती!

आणि या गोष्टी दिसल्या तर उद्यावर ढकलू नका: डोळा घट्ट मिटलेला, काच दुधाळ किंवा निळसर, डोळ्यात रक्त, दोन बाहुल्या लहान-मोठ्या, आतल्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा वर आलेला, किंवा औषध चालू असूनही दुखणं वाढतंय. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मग बंड्याचं काय झालं?

चौथ्या दिवशी त्याने डोळा पूर्ण उघडला. मी औषध बंद करणार होतो, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की डोळा उघडला म्हणजे जखम भरली असं नाही. सातव्या दिवशी परत तोच केशरी रंग, तोच अंधार, तोच निळा लाइट. मी श्वास रोखून बघत होतो. या वेळी काहीच हिरवं चमकलं नाही.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे ड्रॉवर रिकामा केला. तुम्हीही आज तेवढं करा. मांजर नसेल तरी चालेल, तुमचे स्वतःचे डोळे आहेतच की!

बंड्या आता ठीक आहे. फक्त खाऊचा डबा वाजला की अजूनही आपणहून येऊन पाठ करून बसतो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.