विश्लेषण : दोन फुटी टाकीत कोणते मासे एकत्र नांदतात?

घरात फिश टँक आणायचे ठरले की पहिली फेरी दुकानातल्या माशांसमोरच होते. मुलगी गोल्डफिशवर बोट ठेवते, मुलगा काळ्या ‘शार्क’वर. दुकानदार चार निऑन आणि दोन एंजल पिशवीत घालतो आणि ‘काच साफ ठेवेल’ म्हणून एक सकर भेट देतो. महिन्याभरात निऑन एकेक करून नाहीसे होतात, झाडांची पाने कुरतडलेली दिसतात, सकर तेवढा वाढत राहतो. मग ‘आपल्याला मासे लाभत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. वास्तविक हे पाच प्रकारचे मासे एका छोट्या टाकीत राहूच शकत नाहीत. छोट्या, झाडे लावलेल्या टाकीसाठी मासे निवडताना काय पाहायचे?

टाकीत पाणी नेमके किती?

घरगुती टाकीचे सर्वात खपणारे माप म्हणजे २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच. गणिताने तिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू, दगड, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की उरते साधारण ४५ लिटर, म्हणजे घरातल्या तीन बादल्या.

‘एक इंच माशाला चार लिटर पाणी’ हा हिशेब दुकानात हमखास सांगितला जातो. लहान, सडपातळ माशांपुरता तो चालून जातो. पण एक इंचाचे दहा निऑन आणि दहा इंचांचा एक ऑस्कर यांची बरोबरी होत नाही. लांबी दहापट झाली की वजन साधारण हजारपट होते, खाणे आणि घाणही त्याच प्रमाणात वाढते. शिवाय दुकानातला मासा हे बहुतेक वेळा पिल्लू असते. विचारायचे ते ‘हा केवढा आहे’ असे नव्हे, तर ‘हा केवढा होतो’ असे.

आधी नळ बघावा, मग मासे

माशांचा स्वभाव जुळतो का, याची चौकशी सगळेच करतात. पाणी जुळते का, हे क्वचितच कोणी विचारते. निऑन टेट्रा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. त्याला मृदू, किंचित आम्लधर्मी पाणी लागते. गप्पी, मॉली आणि प्लॅटी यांना उलट क्षारयुक्त, जड पाणी मानवते. दोघांना एकत्र ठेवले तर ते भांडत नाहीत, पण दोघांपैकी एकजण कायम अवघडलेला राहतो, लवकर आजारी पडतो.

आपल्या घरचे पाणी कसे आहे, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मुंबईचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा धरण-तलावांतून येते, पुण्याचे मुख्यतः खडकवासला साखळीतून. असे पावसाचे साठवलेले पाणी बहुधा मृदू असते. दख्खनच्या पठारावरच्या अनेक बोअरवेलचे पाणी मात्र जड असते. नळाच्या तोटीवर पांढरा थर धरत असेल, साबणाला फेस येत नसेल, गीझरची कॉइल वारंवार खराब होत असेल, तर त्या घरात निऑनचा हट्ट सोडून गप्पी पाळावेत. जड पाणी बहुधा अल्कधर्मी असते आणि अशा पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. त्यामुळे तिथे माशांची संख्याही हात राखूनच ठेवावी.

दुसरा मुद्दा तापमानाचा. निऑनला २५-२६ अंशांपर्यंतचे पाणी बरे. मे महिन्यात विदर्भातल्या बंद खोलीतील टाकी ३० अंश सहज ओलांडते. निऑनसारखाच दिसणारा, थोडा मोठा आणि अधिक लाल असलेला कार्डिनल टेट्रा २८-२९ अंशांतही नीट राहतो. दोन्ही शेजारी शेजारी विकले जातात, पण कार्डिनल महाग असतो म्हणून लोक निऑन उचलतात आणि उन्हाळ्यात गमावतात. टाकीवर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनामुळे पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो, म्हणजे नागपुरात मुंबईपेक्षा जास्त.

छोट्या टाकीत कोण नकोच?

गोल्डफिश पहिला. त्याला थंड पाणी लागते, तो भरपूर घाण करतो, कोवळी झाडे खातो आणि वीतभर वाढतो. काळा ‘शार्क’ हा शार्क नसतोच. ते पंगॅसियसचे पिल्लू असते. पूर्ण वाढलेला पंगॅसियस मीटरभराहून लांब होतो. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तो हाच. एंजल देखणा असतो, पण त्याला उंच टाकी हवी आणि त्याच्या तोंडात मावणारा निऑन त्याच्या दृष्टीने खाऊ असतो. दोघांची पिल्ले एकत्र वाढवली की काही महिने सगळे सुरळीत दिसते, मग एके सकाळी मोजणी चुकते.

सकरची गोष्ट वेगळी. तो शेवाळ खातो हे खरे, पण फूट-दीड फूट वाढतो, रुंद पानांवर तोंड घासून त्यांची चाळण करतो आणि काच साफ करतो त्याच्या कितीतरी पट विष्ठा टाकतो. टाकीत मावेनासा झाला की लोक दया म्हणून त्याला नदीत किंवा तलावात सोडतात. मूळ दक्षिण अमेरिकेतला हा मासा केरळपासून कोलकात्याच्या पाणथळींपर्यंत पसरला आहे तो याच दयेमुळे. त्याचे हाडांसारखे कठीण खवले आणि काटे मच्छीमारांची जाळी फाडतात आणि बाजारात त्याला भाव नाही. शेवाळाच्या बंदोबस्तासाठी नेराइट गोगलगाय पुरते. गोड्या पाण्यात तिची पिल्ले होत नाहीत, त्यामुळे टाकी गोगलगायींनी भरण्याची भीती नाही. एवढे करूनही घरात एखादा मासा टाकीपेक्षा मोठा झालाच, तर तो दुकानात परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्याला द्यावा.

भांडणे कशावरून होतात?

लांब शेपटी आणि फडफडते पर हे टाकीतल्या बहुतेक तंट्यांचे मूळ. टायगर बार्बला असे पर कुरतडायची सवय असते. मोठ्या घोळक्यात तो आपापसांत दंगा करतो, दोन-तीनच असले की शेजाऱ्यांच्या मागे लागतो. ‘फायटर’ नर रंगीत शेपटीच्या गप्पीला प्रतिस्पर्धी समजतो. दोन नर फायटर एकत्र ठेवायचे नाहीत, हे बहुतेकांना ठाऊक असते. गप्पीसोबतही ठेवू नयेत, हे दुकानात सांगितले जातेच असे नाही.

त्याहून मोठी चूक म्हणजे ‘प्रत्येकातले दोन-दोन’. ही विवाहाची पंगत नव्हे. टेट्रा, रासबोरा, कोरिडोरास हे थव्याने राहणारे मासे आहेत. दोन निऑन आणले तर ते झाडामागे दबून राहतात, रंग फिका पडतो, खायला पुढे येत नाहीत. तेच दहा असले की टाकीच्या मधोमध फिरतात. म्हणून सहा जातींचे बारा मासे घेण्याऐवजी एकाच जातीचे दहा घेतलेले बरे. टाकी अधिक भरलेली दिसते आणि मासेही टिकतात.

मग जमते कोणाचे?

४५ लिटरच्या टाकीत एक थवा मधल्या थरात, एक छोटा गट तळाशी आणि वर एखादी जोडी, एवढेच मावते. मृदू पाण्याच्या घरात हार्लेक्विन रासबोरा ८ ते १०, तळाला पिग्मी कोरिडोरास ६ आणि हनी गोरामीची जोडी हा संच जमतो. हार्लेक्विन दीड-दोन इंचांत थांबतो आणि पानाच्या खालच्या बाजूला अंडी चिकटवतो, त्यामुळे रुंद पानांच्या झाडांत तो रमतो. पिग्मी कोरिडोरास जेमतेम इंचभर असतो. तो मिशांनी तळ चाचपत फिरतो, म्हणून खाली धारदार खडी नको, बारीक वाळू हवी. तो ‘उरलेले खाऊन जगेल’ हा समज चुकीचा आहे. बुडणाऱ्या गोळ्या त्याच्यासाठी वेगळ्या टाकाव्या लागतात.

हनी गोरामी परदेशी वाटतो, पण तो बंगाल-आसामचा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याची नोंद केली. याच ग्रंथात आज जगभरच्या प्रयोगशाळांत असलेल्या झेब्रा माशाचीही पहिली नोंद आहे. नाशिक-पुण्याच्या थंडीत हीटर लावायचा नसेल तर रासबोराऐवजी आठ झेब्रा मासे घेणे शहाणपणाचे. ते फार धावपळ करतात, त्यामुळे त्यांच्यासोबत संथ गोरामी मात्र नको.

जड पाण्याच्या घरात सात-आठ नर गप्पी, तळाला सहा ब्राँझ कोरिडोरास आणि बस्स. गप्पींमध्ये मादी घेतली तर तिला साधारण महिन्याला पिल्ले होतात. नर काढून टाकला तरी ती साठवलेल्या शुक्राणूंवर पुढचे काही महिने वितच राहते. नर्सरी चालवायची नसेल तर नुसते नर घ्यावेत.

झाडे शोभेची नव्हेत

अ‍ॅन्युबियस, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन आणि व्हॅलिस्नेरिया ही चार झाडे साध्या दिव्यात आणि वेगळा कार्बन डायऑक्साइड न देता वाढतात. पैकी क्रिप्टोकोरिनच्या काही जाती कोकणातल्या ओढ्यांतही आहेत. झाडे पाण्यातला अमोनिया शोषतात आणि माशांना एकमेकांच्या नजरेआड व्हायला जागा देतात. थवा जितका सहज लपू शकतो, तितका तो उघड्यावर येतो. अ‍ॅन्युबियस आणि जावा फर्न यांचे जाड खोड वाळूत पुरले तर कुजते. त्यांना दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावे.

सह्याद्रीतले मासे घ्यावेत का?

‘मिस केरला’ म्हणून विकला जाणारा लाल-काळ्या पट्ट्याचा डेनिसन बार्ब आणि अंगभर पट्टे असलेला झेब्रा लोच हे दोघे पश्चिम घाटातले. पहिला केरळ-कर्नाटकच्या डोंगरी प्रवाहांतला, दुसरा कृष्णेच्या खोऱ्यातला, म्हणजे महाराष्ट्रातलाही. दोन्ही जाती जागतिक लाल यादीत धोक्यातील म्हणून नोंदल्या गेल्या आहेत. २००५ ते २०१२ या काळात शोभेच्या माशांच्या व्यापारातून संकटग्रस्त जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातील मासे भारताबाहेर गेले, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. त्यात मोठा वाटा या दोन माशांचा आणि केरळच्या छोट्या पफरचा होता.

छोट्या टाकीच्या दृष्टीने प्रश्न आणखी सोपा आहे. डेनिसन बार्ब चार-पाच इंच वाढतो, थव्याने राहतो आणि त्याला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. तीन बादल्यांत ते जमत नाही. झेब्रा लोचलाही पाच-सहा सोबती आणि लांब तळ हवा. पफर इंचभराचाच, पण शेजाऱ्यांच्या परांचे लचके तोडतो. त्याला वेगळीच टाकी द्यावी लागते. मोठी टाकी असेल आणि घ्यायचाच असेल, तर मासा पैदास केंद्रातला आहे की नदीतून पकडलेला, हे आधी विचारावे. दुकानदार उत्तर टाळत असेल तर तिथेच थांबावे.

टाकीत सोडायचे कोणत्या क्रमाने?

टाकी, वाळू, फिल्टर आणि झाडे आधी. मासे चार ते सहा आठवड्यांनी. तेवढ्या काळात अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजतात. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकले की त्यांना पोषण मिळते. बाजारात मिळणाऱ्या किटने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की पहिला थवा आणावा. त्यानंतर दोन आठवड्यांनी तळाचे मासे आणि सर्वात शेवटी गोरामी, कारण जो आधी येतो तो जागेवर हक्क सांगतो. नळाच्या पाण्यातले क्लोरिन रात्रभर उघड्या बादलीत ठेवले की उडून जाते. घाई असेल तर क्लोरिन काढणारे औषध वापरावे.

माशांची बंद पिशवी १५-२० मिनिटे टाकीत तरंगू द्यावी, मग थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात मिसळावे. मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले दुकानाचे पाणी टाकीत ओतू नये. पहिल्या संध्याकाळी दिवा बंद, खाणेही नको.