आतड्याच्या अस्तरातील रक्षक पेशी

शिरूर तालुक्यातील न्हावरे परिसर आणि लगतचा दौंड तालुका हा घोड व भीमा नद्यांच्या काठचा ऊसपट्टा. ऊसतोडीच्या हंगामात परगावची कुटुंबे तान्ह्या मुलांसह या भागात कोप्यांवर राहावयास येतात. अशा मुक्कामी बाळाला जुलाब लागले, तर अंगातील पाणी कमी होऊन थोड्याच अवधीत त्याचा जीव धोक्यात येऊ शकतो. बालकांच्या तीव्र अतिसाराचे एक प्रमुख कारण म्हणजे रोटा विषाणू. त्याची प्रतिबंधक लस दंडात न टोचता तोंडावाटे दिली जाते. असे का, याचे उत्तर आतड्याच्या अस्तरात आहे.

पेशींवरील खुणा

लहान आतड्यातील अन्न व जंतू यांना शरीरापासून अलग ठेवणारा पडदा केवळ एका पेशीच्या जाडीचा असतो. म्हणूनच प्रतिकारपेशींचा फार मोठा भाग येथे पहाऱ्यावर असतो. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी बहुतांशी सारख्याच दिसतात. त्यांची ओळख पटते ती पृष्ठभागावरील प्रथिनांच्या खुणांवरून. १९७५ मध्ये कोहलर व मिलस्टीन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे तयार करण्याची पद्धत शोधल्यावर या खुणा एकेक करून ओळखणे शक्य झाले. १९८२ मध्ये पॅरिस येथे त्यांना ‘सीडी’ ही अक्षरे व क्रमांक देण्याची पद्धती ठरली.

तोंडावाटे दिलेली लस आतड्यातील प्रतिकारपेशींच्या पुंजक्यांपर्यंत पोहोचते. तेथे सिद्ध झालेल्या पेशींवर ‘अल्फा-४ बीटा-७’ ही खूण उमटते. ही खूण म्हणजे जणू गावाचा पत्ताच. पेशी रक्तातून सर्वत्र फिरते. परंतु जुळणारी खूण आतड्याच्या रक्तवाहिन्यांत भेटताच तेथे उतरते. काही पेशींवर पुढे ‘सीडी-१०३’ ही खूण येते व तिच्या योगे त्या अस्तराला धरून राहतात. इतर पेशी प्रतिपिंडे निर्माण करतात. ती अस्तरातून आतड्याच्या पोकळीत उतरून विषाणूला अटकाव करतात. दंडात टोचलेल्या लसीमुळे आतड्याचा हा पत्ता पेशींवर सहसा तितकासा उमटत नाही.

शिरूर तालुक्याचा वाटा

भारतीय रोटा लसीची चाचणी २०११ मध्ये दिल्ली, वेल्लोर व पुणे जिल्हा येथे सुरू झाली. पुणे जिल्ह्यातील काम शिरूर तालुक्यातील वढू येथे केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने केले. एकूण ६,७९९ बालकांच्या या चाचणीत तीव्र रोटा अतिसाराचे प्रमाण सुमारे ५४ टक्क्यांनी घटले. राष्ट्रीय कार्यक्रमात रोटा लस २०१६ मध्ये ४ राज्यांत आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रात आली.

लसीच्या मात्रा ६, १० व १४ व्या आठवड्यात द्यावयाच्या असतात. स्थलांतरात नेमक्या याच तारखा चुकतात. पहिली मात्रा राहिली असल्यास बाळ एक वर्षाचे होईपर्यंत ती देता येते. पुढील मात्रा ४ आठवड्यांच्या अंतराने पूर्ण कराव्यात. मात्र लसीने सर्व धोका टळत नाही. स्वच्छ पाणी, स्तनपान आणि जुलाब होताच जलसंजीवनी व झिंक यांची जोड हवीच.

गावात टोळी उतरताच तिच्यातील तान्ह्या बाळांची नोंद आशा कार्यकर्ती वा आरोग्यसेविकेकडे पोहोचविणे, हे काम शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य सहज करू शकतील. रक्षक पेशींना आतड्याचा पत्ता ठाऊक असतो. बाळाचा पत्ता मात्र गावानेच कळवावयाचा आहे.