माळावरची शाळा

लोखंडाचा नांगर लावला तर जमीन विषारी होईल, अशी भीती एकेकाळी आपल्याकडच्या शेतकऱ्यांना वाटे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपला पहिला नांगर विकायला तब्बल दोन वर्षे लागली. यंत्र घडवले की निम्मे काम झाले. त्यावर माणसाचा विश्वास बसला की उरलेले निम्मे. त्यांच्या कारखान्याची वसाहत, किर्लोस्करवाडी, उभी राहिली ती हे दुसरे निम्मे मनापासून केल्यामुळे.

लक्ष्मणरावांची स्वतःची वाटही सरळ नव्हती. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नव्हता. चित्रकला सुटली, रेषेवरची हुकमत मात्र राहिली. तिच्या जोरावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवू लागले. तिथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरीला रामराम ठोकून ते बेळगावला आले. सायकलींच्या दुकानापासून कडबा कापायच्या यंत्रापर्यंत आणि नांगरापर्यंत मजल गेली. मग तिथली जागाही सोडावी लागली.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांनी दिले. १९१० साली कामगार आणि त्यांची बायकामुले त्या माळावर राहायला आली आणि किर्लोस्करवाडी वसली. आजूबाजूला निवडुंग होता आणि नागांचा वावर.

अशा जागी नावाजलेले इंजिनिअर कुठून येणार? लक्ष्मणरावांनी जवळ होती ती माणसे पारखली. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथे कल्पक इंजिनिअर झाले. दुसरीकडे कुठेच जम न बसलेले के. के. कुलकर्णी कारखान्याचे चौफेर व्यवस्थापक झाले. मंगेशराव रेग्यांनी कारकुनी आणि चिटणिशी सांभाळली. आधी प्रमाणपत्र दाखवा आणि मग काम मागा, असा इथला रिवाज नव्हता. काम हाती पडे आणि ते करता करता माणूस तयार होई.

माणसांवरच्या अशा विश्वासाचे मोल ओतकाम करणाऱ्याला ठाऊक असते. आधी लाकडी फर्मा, मग वाळूचा साचा, मग वितळलेल्या लोखंडाचा रस. फर्म्यात चूक असेल तर ती प्रत्येक नगात उतरते, म्हणून ती दिसताक्षणी बोलून दाखवणारा माणूस जवळ लागतो. बोलल्यावर नोकरी जाईल असे वाटले, तर तो गप्प बसेल आणि वाईट माल बाजारात जाईल. आज कल्पना मागवण्यासाठी पेट्या लावणाऱ्या प्रत्येक कंपनीने एवढे तरी ध्यानात घ्यावे: भ्यालेल्या माणसाला नवे सुचले, तरी तो ते सांगत नाही.

वाडीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. हे सांगायलाच हवे, कारण एका भट्टीशी काम करणाऱ्यांनी एकमेकांचा विटाळ मानला, तर हातातले कसब एकाकडून दुसऱ्याकडे जाणार कसे?

आणि राखणीला कोण होते? तुरुंगवास भोगून आलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. ज्यांच्यापासून गावे दारे लावून घेत, त्यांच्याच भरवशावर ही वाडी रात्री झोपत असे. लोखंडाच्या नांगरावर शेतकऱ्याने विश्वास ठेवावा, असे म्हणणाऱ्या लक्ष्मणरावांनी आधी स्वतः माणसांवर एवढा विश्वास टाकला होता.