मोटरहोमचं डिझेल जातं कुठे?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मोटरहोम घेऊन यलोस्टोनला निघालात, की पहिल्यांदा डिझेल भरतानाच धक्का बसतो. मोठं मोटरहोम गॅलनला जेमतेम आठ-दहा मैल जातं. मग एवढं डिझेल जातं कुठे?

हायवेवर मुख्यतः हवा बाजूला सारण्यात. साडेआठ फूट रुंद, बारा फूट उंच अशी ही चालती भिंतच! वेग दुप्पट झाला, की हवेचा विरोध चौपट होतो. याच हिशेबाने ताशी ७५ ऐवजी ६० मैलांनी गेलात, तर विरोध ३६ टक्क्यांनी घटतो. टायरचं घर्षण, एसी वगैरेंचा खर्च उरतोच, म्हणून डिझेल तेवढं वाचत नाही. पण फरक खिशाला नक्की जाणवतो. ३०० मैलांना चाराऐवजी पाच तास लागतील, इतकंच.

वजन नडतं ते चढावर आणि थांबून पुन्हा निघताना. ६० गॅलन पाणी म्हणजे सुमारे ५०० पौंड. मुक्कामी नळ असेल, तर टाकी काठोकाठ कशाला भरायची?

टायरमधली हवा मात्र निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच तपासा. हवा कमी असलेला टायर डिझेल तर खातोच, शिवाय तापून भर हायवेवर फुटूही शकतो.