बारा सेकंदांत काय ते करा!

लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये थ्री-बाय-थ्री, म्हणजे तीन विरुद्ध तीन, बास्केटबॉलचे संघ ८ वरून १२ होणार, ही बातमी क्रीडापानाच्या कोपऱ्यात आली आणि विरून गेली. हिंजवडीकरांनी ती पुन्हा वाचावी. इथल्या मोठ्या सोसायट्यांत पार्किंगला खेटून असतं तसलंच अर्धं कोर्ट आणि एकच रिंग, एवढ्यावर हा खेळ चालतो.

ड्रिबल, ट्रॅव्हलिंग वगैरे तुमची पोरं सांगतील. खरी गंमत घड्याळात आहे. शॉटला वेळेची मर्यादा नव्हती तेव्हा, २२ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेत फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनीॲपोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं. धिप्पाड जॉर्ज मिकनच्या हाती चेंडूच लागू नये म्हणून पिस्टन्स तो दाबून बसले, प्रेक्षक वैतागले. पुढे १९५४ मध्ये सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशेब मांडला. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० शॉट होतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंद. भागा, उत्तर २४. तेवढ्यात शॉट मारा, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्या. माझ्या मते बास्केटबॉल वाचवला तो या शाळकरी भागाकारानं.

थ्री-बाय-थ्रीत तर १२ सेकंदच. सामना १० मिनिटांचा. त्याआधी कुणी २१ गुण केले की तिथंच संपला. रिंगसमोर आखलेल्या कमानीच्या आतून १ गुण, बाहेरून २. पाच जणांच्या खेळात लांबच्या बास्केटला दीडपट मोल, इथं थेट दुप्पट. बचाव करणाऱ्यांनी रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू, पकडला, तर आधी चेंडू कमानीबाहेर न्यायचा, मगच शॉट. सोसायटीत निम्मी भांडणं याच नियमावरून होतात.

उरलेली निम्मी एका उंच दादामुळे. तो रिंगकडे पाठ करून टपटप ड्रिबल करत राहतो, सोबतचे दोघे कमरेवर हात ठेवून ताटकळतात. त्याला बारा सेकंद लावा; मुकाट्यानं पास देईल.

शेजारच्या बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेलं क्रीडासंकुल आहे. पुण्याच्या शिरीन लिमयेनं भारताचं कर्णधारपद भूषवलं आहे. आयटी पार्कात भागाकार येणाऱ्यांची तर वानवाच नाही. तेव्हा पुढच्या रंगकामाच्या वेळी सोसायटीनं ६.७५ मीटरची कमान नीट आखून घ्यावी आणि बाहेर बसलेल्या पोराच्या हाती स्टॉपवॉच द्यावं. खर्च रंगाच्या एका डब्याचा.