भांडी न घासण्याचे दोन दिवस

डिसेंबर उजाडला की मोबाइलवर बर्फाचे फोटो यायला लागतात. कुणाची नणंद मनालीजवळच्या सोलंगला, कुणाचा भाचा गुलमर्गला, तर कुणी औलीला. भाड्याने घेतलेला जाडजूड कोट, पायात गुडघ्यापर्यंत बूट, आणि त्या लांबलचक पट्ट्या बांधून बर्फावरून घसरतानाचा व्हिडिओ. आपण ‘किती छान!’ असं लिहून पाठवतो आणि कुकर लावायला उठतो. चौघांचं कुटुंब, विमान, हॉटेल, स्कीइंगचं भाडं असा हिशेब मांडला की आकडा लाखाच्या घरात जातो. मग ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून तो विषय मिटतो.

मैत्रिणींनो, बर्फाचं जेव्हा जमेल तेव्हा जमेल. सह्याद्रीत काही बर्फ पडत नाही. पण बोचरी थंडी, तलावावर पसरलेलं धुकं, रात्रीची शेकोटी, चांदण्यांनी भरलेलं आभाळ आणि महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, एवढं सगळं आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याला! संगमनेरहून गाडीने दीड-दोन तास. तरीही आपल्यातल्या कितीजणी तिथे एखादी रात्र राहिल्या आहेत? आणि राहिल्या असतील तर त्यातल्या किती नवरा-मुलांच्या डब्यांची पिशवी बरोबर न घेता गेल्या आहेत?

आमची सहाजणींची भिशी आहे. दर महिन्याला पैसे, पोहे, चहा आणि घरच्या गाऱ्हाण्यांची देवाणघेवाण एवढाच कार्यक्रम असतो. गेल्या जानेवारीत ठरलं की या वेळी सगळ्यांनी मिळून दोन दिवस भंडारदऱ्याला जायचं. ठरवणं सोपं होतं. घरी सांगायचं कसं, हा खरा घाट होता.

आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या काकूंनी तोडगा काढला. “असं करू, अमृतेश्वराच्या दर्शनाला चाललोय म्हणून सांगू. वाटेत अकोल्याला अगस्ती ऋषींचं मंदिरही आहे. देवाला कोण नाही म्हणणार?” तोडगा बिनतोड होता. पण आमच्यातली सगळ्यांत धाकटी म्हणाली, “काकू, दर्शन घेऊच की. पण फिरायला चाललोय असं सांगितलं तर काय होईल?”

सगळ्या गप्प झाल्या. खरंच, काय होईल? काकूंचं वय अठ्ठावन्न. त्यांनी बोटं मोजली. लग्न झाल्यापासून घराबाहेर रात्र काढली ती माहेरी, लग्नकार्यात, लेकीच्या बाळंतपणात, दवाखान्यात आणि पंढरपूरला. नुसतं फिरायला म्हणून एकदाही नाही. “कारण लागतं बाई आपल्याला,” त्या म्हणाल्या. मग आम्ही ठरवलं की या वेळी कारण द्यायचं नाही. ‘फिरायला चाललोय’ एवढंच वाक्य सहा घरांत सहाजणींनी सांगायचं.

कुणाच्या घरी हसले, कुणाच्या घरी ‘पोरांची परीक्षा जवळ आलीय’ झालं. एकीच्या सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी स्वतःची शाल काढून म्हणाल्या, “तिकडं थंडी लई असते, ही ने.” शेवटी सहाच्या सहा निघालो.

अकोले सोडलं की रस्ता चढू लागतो आणि हवा बदलते. राजूरला थांबून पेढे घेतले. राजूरचा पेढा घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा या रस्त्याचा रिवाजच आहे. पुढे शेंडी गाव, तेच भंडारदरा. पावसाळ्यात इथे गाड्यांची रांग लागते. हिवाळ्यात रंधा धबधब्याचं ते पावसाळी रूप शोधू नका. भाताची खाचरं कापून मोकळी झालेली असतात, पेंढ्याच्या गंजी रचलेल्या असतात आणि धरण निवांत असतं.

हे धरण पाहताना आपल्याकडच्या बायकांनी जरा थांबावं. प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते आणि इथे अडवली जाते. १९१० मध्ये काम सुरू झालं, १९२६ मध्ये पूर्ण झालं. दगडी बांधकामाची ही भिंत सुमारे ८२ मीटर उंच आहे. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून तिला विल्सन डॅम म्हणत. आता जलाशयाला आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव आहे. राघोजी याच भागातल्या देवगावचे. इंग्रजांशी आणि सावकारांशी लढले, १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या पट्ट्यातला ऊस या पाण्यावर उभा राहिला. काकू श्रीरामपूरकडच्या. भिंतीकडे बघून म्हणाल्या, “म्हणजे माझ्या बापाच्या शेताला पाणी इथनं यायचं होय!” चाळीस वर्षं ज्या कालव्यावर धुणं धुतलं, त्याचं माहेर त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

मुक्काम एका घरी केला होता. इथल्या बऱ्याच कुटुंबांनी आता पाहुण्यांसाठी एक-दोन खोल्या बांधल्या आहेत, काहींनी तलावाकाठी तंबू लावले आहेत. आम्ही तंबू नको म्हटलं. जानेवारीतली रात्र, शिवाय आमच्यात दोघींचे गुडघे! संध्याकाळी सहालाच सूर्य डोंगराआड गेला आणि थंडी अशी उतरली की शेकोटीपासून चार पावलं लांब गेलं तर दात वाजायला लागले. जेवायला नागलीची भाकरी, पिठलं, चुलीवर भाजलेल्या मिरचीचा ठेचा आणि वाफाळता भात. घरधनीण ताटाशेजारी उभी राहून वाढत होती. आम्ही सहाजणी बसून खात होतो. गरम भाकरी आपल्या ताटात पडते आणि आपल्याला उठावं लागत नाही, हे सुख काय असतं ते पुरुषांना सांगून कळायचं नाही!

जेवण झाल्यावर सवयीने सगळ्यांचे हात ताटांकडे गेले. काकू तर पदर खोचून मोरीकडे निघाल्यासुद्धा. घरधनिणीने ताट हातातून काढून घेतलं. “राहू द्या ती. तुम्हीच घासाया लागल्या तर मी पैसं कशाचे घेऊ?”

बोलणं साधं होतं, पण आम्ही चपापलो. ती आमच्यावर उपकार करत नव्हती आणि आम्ही तिच्यावर. तिचं काम होतं, त्याचा दर ठरला होता, पैसे तिच्या खात्यावर जाणार होते. आपण रोज तेच काम करतो, पण त्याला ना दर, ना सुट्टी.

शेकोटीपाशी मग तिनेच कळसूची गोष्ट काढली. जुन्या गॅझेटिअरातही ही कथा नोंदलेली आहे. कळसू नावाची कोळ्यांची मुलगी. तिला रानात भटकायची आवड. भटकत भटकत ती डोंगराच्या पायथ्याच्या इंदोर गावात आली आणि एका घरी कामाला राहिली. राहतानाच तिने अट घातली, ‘मी भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही.’ घरच्यांनी कबूल केलं. काही दिवस बरे गेले. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर भरायला सांगितलं. तिने ते केलं. केलं आणि घर सोडून सरळ डोंगर चढून गेली, ती परत खाली उतरलीच नाही. जिथे तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ, जिथे केर टाकला तो काळदरा. आणि ती राहिली तो डोंगर म्हणजे कळसूबाई!

गोष्ट संपली तरी कुणी बोलेना. महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखरावर देवी म्हणून बसलेली बाई कोण, तर भांडी घासणार नाही अशी अट घालणारी! भांडण नाही, शिव्याशाप नाहीत. आधी अट सांगितली होती, ती मोडली, मग ती गेली. धाकटी हळूच म्हणाली, “आपण अट सांगायलाच विसरलो गं.” काकू म्हणाल्या, “विसरलो नाही. आपल्याला कुणी विचारलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी पहाटे बारी गावातून आम्ही चौघी चढायला लागलो. काकू आणि आणखी एक वहिनी पायथ्याजवळच्या कळसूबाईच्या मंदिरापाशी थांबल्या. ज्यांना वर जाणं झेपत नाही, त्यांच्यासाठी हे खालचं मंदिर. शिखर १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. गुलमर्गपेक्षा पुष्कळ कमी, पण आपल्या पायांना पुरेसं. सवय नसेल तर वर जायला तीन-साडेतीन तास धरा. वाटेत सरळसोट कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. पहिल्या शिडीवर पाय लटपटले. मागून डोक्यावर सामानाची पाटी घेतलेली एक बाई आली, हात न धरता चढून गेली. वर तिचं लिंबू सरबताचं दुकान! रोज हीच वाट, हेच ओझं.

माथ्यावर छोटं मंदिर, गार वारा, खाली चांदीच्या ताटासारखं दिसणारं धरणाचं पाणी, आणि एका बाजूला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. देवीपुढे हात जोडले. दरवेळी मागणं मागायची सवय असते, नवऱ्याचं, पोरांचं. या वेळी काही सुचलं नाही. नुसतीच उभी राहिले. बरं वाटलं.

त्याच दिवशी घरून फोन येत होते. रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यातच मिळायची, त्यामुळे ज्याला त्याला उत्तरही थोडक्यात. ‘जिरं कुठंय?’ ‘वरच्या फळीवर.’ ‘मिक्सर चालत नाही.’ ‘झाकण नीट बसव.’ संध्याकाळपर्यंत फोन थांबले. म्हणजे जिरं सापडलं असावं.

आता, जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं.

डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा थंडीचा चांगला काळ. शनिवारी रात्री कळसूबाईच्या शिड्यांवर फार गर्दी होते, म्हणून जमलं तर मधल्या वारी जा. स्वेटर, कानटोपी, मोजे, विजेरी आणि नीट पकड असलेले बूट हवेतच. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस किंवा ट्रॅकपँट सोयीची. गुडघेदुखी, रक्तदाब, दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चढायचं नसेल तर रतनवाडीचं अमृतेश्वराचं कोरीव प्राचीन मंदिर बघा, घाटघरला जाऊन कड्यावरून कोकण बघा. साम्रदची सांदण दरी गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय उतरू नका. राहण्याची जागा ठरवताना तीन गोष्टी फोनवरच विचारा : संडास-बाथरूम कुठे आहे, बायकांचे गट येतात का आणि रात्री दारूपार्टी चालते का. हा परिसर अभयारण्याचा आहे, तेव्हा प्लॅस्टिक परत आणा.

येताना नागली, वरई, तिथला गावरान तांदूळ विकत घ्या. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, हे ठाऊक असेलच. आणि जेवू घालणाऱ्या बाईशी भाव करू नका. आपण दोन दिवस बसून खाल्लं, ते तिच्या चुलीपाशी बसण्यामुळे.

आम्हाला गाडी, राहणं, जेवण धरून माणशी तीन हजारांच्या आत पडलं. भिशीतूनच काढले. तेव्हापासून ठरवलंय, दर हिवाळ्यात एक नंबर कुणाच्याच नावाने उघडायचा नाही, तो फिरण्याचा. काकूंनी तर कॅलेंडरवर पुढच्या जानेवारीच्या दोन तारखांना आत्ताच गोल करून ठेवलाय. सुनेने विचारलं, “काय आहे तेव्हा?” काकू म्हणाल्या, “फिरायला जायचंय. तू येतेस का?”