पाटीवरचे चिन्ह आणि त्यामागचे वचन

डॉक्टर, वकील, चार्टर्ड अकाउंटंट यांच्या नावापुढे लागणारी अक्षरे ही केवळ शोभेची नसतात. त्या अक्षरांकडे पाहूनच अनोळखी माणूस विश्वास टाकतो. म्हणूनच ती कोणी लावावीत आणि कोणी लावू नयेत, याला काही नियम असावा लागतो. जागा व घरे मिळवून देणाऱ्या दलालांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या नवघर-माणिकपूर भागात विशेष जिव्हाळ्याचा आहे. वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस जरा फेरफटका मारला, तर ‘इस्टेट एजंट’, ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’, ‘रिअल्टर्स’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. अशा पाटीवर तीन प्रकारची माहिती असू शकते : धंद्याचे नाव, एखाद्या संघटनेचे बोधचिन्ह आणि महारेराचा नोंदणी क्रमांक. सामान्य ग्राहक या तिन्ही गोष्टी एकाच मापाने मोजतो. वास्तविक तिन्हींचा अर्थ निरनिराळा आहे.

प्रथम ‘रिअल्टर’ या शब्दाचेच पाहू. आपल्याकडे तो ‘जागेचा दलाल’ याच अर्थाने सर्रास वापरला जातो. परंतु त्याचा जन्म अमेरिकेत सभासदत्वाची खूण म्हणून झाला. मिनियापोलिस येथील चार्ल्स चॅडबोर्न या व्यावसायिकाने तो घडवला आणि १९१६ साली तेथील राष्ट्रीय संघटनेने स्वीकारला. त्यामागची हकीकत बोलकी आहे. जागेच्या एका दलालाने गरीब विधवेला लुबाडल्याची बातमी वृत्तपत्रात आली. चौकशी करता तो इसम संघटनेचा सभासदच नव्हता. पण बदनामी मात्र सगळ्यांचीच झाली. तेव्हा नियम पाळणाऱ्यांना वेगळे ओळखता यावे, यासाठी स्वतंत्र शब्द हवा, असे चॅडबोर्नला वाटले. पुढे १९४९ व १९५० साली त्या शब्दाची व्यापारचिन्ह म्हणून तेथे नोंदणी झाली.

चिन्ह वापरण्याचे नियमही काटेकोर आहेत. ते सभासदानेच आपल्या नावाशी जोडून वापरावे. ‘दलाल’ या अर्थाचे सामान्य नाम म्हणून वापरू नये. त्यामागे ‘सर्वोत्तम’, ‘पहिल्या क्रमांकाचा’ अशी विशेषणे लावू नयेत. आणि सभासदत्व संपताच ते पाटीवरून व कार्डावरून काढून टाकावे.

इतका बाऊ कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर आपल्या महाविद्यालयाबाहेरच मिळते. परीक्षेच्या दिवसांत आपण ‘नोट्सची झेरॉक्स’ काढतो, तेव्हा यंत्र कोणत्या कंपनीचे आहे हे कोण पाहतो? एका कंपनीचे नाव आपण क्रियेलाच देऊन टाकले आहे. नाव असे सर्वांचे झाले की त्याची ओळख पटवण्याची शक्ती जाते, आणि कधी कधी कायद्याचे संरक्षणही जाते. अमेरिकेत ‘एस्केलेटर’ हे एकेकाळी एका कंपनीचे व्यापारचिन्ह होते. १९५० साली ते सामान्य शब्द ठरले. ‘रिअल्टर’ हाही सामान्य शब्द झाला आहे, असा दावा तेथे करण्यात आला होता; परंतु २००४ साली तो फेटाळला गेला.

आपल्या देशातही अशा चिन्हांना कायद्यात जागा आहे. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ यात ‘सामूहिक चिन्ह’ ही कल्पना आहे. असे चिन्ह संघटनेच्या मालकीचे असते आणि ते सभासदांचा माल किंवा सेवा इतरांहून वेगळी ओळखू देते. नोंदणीच्या अर्जासोबत संघटनेला नियमावली द्यावी लागते : चिन्ह कोणी वापरावे, सभासदत्वाच्या अटी कोणत्या, चिन्हाचा गैरवापर झाल्यास कारवाई काय. ज्या वापरामुळे लोकांची दिशाभूल होऊ लागते, त्यामुळे नोंदणीही रद्द होऊ शकते. तात्पर्य, चिन्ह जपण्याची जबाबदारी प्रथम संघटनेवरच येते.

महारेराचा क्रमांक ही मात्र संघटनेची नव्हे, तर कायद्याची खूण आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार नोंदणीकृत गृहप्रकल्पातील सदनिका विकून देणाऱ्या एजंटाने स्वतःची नोंदणी केलीच पाहिजे आणि प्रत्येक व्यवहारात आपला क्रमांक नमूद केला पाहिजे. महाराष्ट्रात एजंटाचा क्रमांक इंग्रजी ‘ए’ने आणि प्रकल्पाचा ‘पी’ने सुरू होतो. २०२३ पासून महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सुरू केली. याच कायद्याचे कलम १० आपल्या विषयाला थेट भिडते. जी मान्यता वा संलग्नता आपल्याला नाही, ती असल्याचे भासवणे हे त्यात अनुचित व्यापारप्रथेत मोडते. कलम ९ वा १० मोडल्यास दररोज दहा हजार रुपये, आणि एकूण सदनिकेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे संघटनेचे सभासदत्व नसताना तिचे बोधचिन्ह पाटीवर रंगवणे हा निव्वळ फुशारकीचा प्रकार राहत नाही.

तरीही एक सावधगिरी हवी. हे बंधन नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरते आहे. भाड्याची खोली दाखवणाऱ्याला ते लागू होत नाही. शिवाय क्रमांक असला म्हणजे सारे निर्धोक, असेही नाही. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले. आपल्या शेजारी नालासोपारा पूर्वेला ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत पाडण्यात आल्या. तेथील कुटुंबांनी आयुष्याची पुंजी घातली होती. फसव्या कागदाची किंमत शेवटी तो कागद बनवणारा नव्हे, तर त्यावर भरवसा ठेवणारा मोजतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी इंग्रजी करारनामा वाचू शकणारी पहिली व्यक्ती म्हणजे महाविद्यालयात जाणारा मुलगा किंवा मुलगीच असते. बयाणा देण्यापूर्वी वडीलधारी मंडळी कागद आपल्याच हाती देतात. तेव्हा तीन गोष्टी अवश्य कराव्यात. एजंटाचा आणि प्रकल्पाचा असे दोन्ही क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर पडताळावेत. बांधकाम परवानगी खरी आहे का, हे महापालिकेत जाऊन विचारावे. आणि पाटीवर संघटनेचे चिन्ह असेल, तर त्या संघटनेकडे सभासदत्वाची चौकशी करावी. प्रामाणिक एजंटाला अशा विचारपूसीचा राग येणार नाही. उलट त्याचे चिन्ह खरे आहे, हे त्यामुळेच सिद्ध होईल. चिन्ह हे वचन आहे, आणि वचन देणाऱ्याला त्याबद्दल विचारण्याचा हक्क ज्याला ते दिले त्याला असतोच.